जुन्या बेसचा भरदार आवाज नव्या बेसमधून का येत नाही?

खर्ज_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. दोन बेस गिटार आहेत, दोन्ही चार तारांचे आणि वाजती तार ३४ इंची. एक ऐंशीच्या दशकातला जपानी, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन घाटाचा: एकच दुभागलेला पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी मॅग्नेट-गुंडाळी), एक व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरीची भानगड नाही. दुसरा नवा, अ‍ॅक्टिव्ह: दोन सोपबार (साबणाच्या वडीसारखे) पिकअप, त्यांचं प्रमाण ठरवणारा ब्लेंड नॉब, आतल्या प्रीअँपचा तीन बँडचा इक्यू म्हणजे बेस-मिड-ट्रेबलचे नॉब, नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीअँप वगळून पॅसिव्हवर टाकायचं एक छोटं बटण. अ‍ॅम्प एकच, १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर. काम भावगीत-भक्तिगीतांच्या ऑर्केस्ट्रात. सोबत हार्मोनियम, कीबोर्ड, ढोलकी, पखवाज.

जुना वाजला की गाण्याला बूड येतं. नवा एकटा ऐकला तर झकास, स्वच्छ, खणखणीत. पण पखवाज आणि हार्मोनियम सुरू झाले की खालून पोकळ वाटायलाय आणि वरून तारांची खरखर तेवढी ऐकू यायलीय. बेसचा नॉब वाढवला तर अ‍ॅम्प घुरघुरतो, भरीवपणा काही येत नाही.

विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणतो लाकूड मुरलंय. दुसरा म्हणतो जुन्या पिकअपचं मॅग्नेट कमजोर होऊन गोड झालंय. तिसरा म्हणतो आत जुन्या काळचा कंडेन्सर घाल. फरक नेमका कुठून येतो, कुठल्या क्रमाने तपासायचा, आणि नवा विकायच्या आधी त्याला जुन्याच्या किती जवळ आणता येईल, एवढं सांगा की. जुन्यावर गुळगुळीत फ्लॅटवाऊंड तारा आहेत, किती जुन्या ते ठाऊक नाही. नव्यावर कंपनीच्याच स्टीलच्या राऊंडवाऊंड आहेत.

निपाणीकर

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच निम्म्याहून जास्त उत्तर आहे. एकावर फ्लॅट, दुसऱ्यावर स्टील राऊंड, आणि तुलना करताय लाकडाची! ही तुलना बेसची नव्हेच, तारांची झाली.

राऊंडवाऊंडला गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटला चपटी पट्टी. गोल तारेत वरचे स्वर भरपूर, त्यात स्टील म्हणजे सगळ्यात तिखट. निकेल थोडं मऊ. फ्लॅटमध्ये वरचे स्वर मुळातच कमी, आणि वाजून वाजून घाम-धूळ बसली की उरलेलेही जातात. मग उरतो तो मूळ स्वर आणि त्याच्या वरचे दोन-तीन स्वर. कानाला भरदार लागतं ते हेच. साठच्या दशकातले बेस दुकानातून फ्लॅट चढवूनच निघायचे. राऊंडवाऊंड बेसवर रुळल्या त्या साठच्या दशकाच्या मध्यानंतर. त्यामुळे ‘जुन्या बेसचा आवाज’ म्हणून जे कानात बसलंय, त्यातला मोठा वाटा त्या तारांचा आहे. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या रेकॉर्डवरचा बेसवादक जेम्स जेमरसनचा आवाज घ्या: १९६२ चा प्रिसिजन, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट, आणि त्या तारा तो तुटल्याशिवाय बदलत नसे. त्या काळी त्याचा बेस काही जुना नव्हता, जवळजवळ नवाच होता! ‘लाकूड मुरलं’ म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगून बघा.

आता तपासायचं कसं. आधी आवाजाची पातळी सारखी करा. अ‍ॅक्टिव्ह बेस मुळातच मोठा वाजतो आणि मोठा वाजतो तो कानाला पहिल्या झटक्यात चांगला वाटतो, गाण्यात मात्र फसवतो. दोन्ही बेस डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) सरळ रेकॉर्ड करा, अ‍ॅम्प मध्ये नको. नव्याचं बटण पॅसिव्हवर, ब्लेंड पूर्ण नेकच्या पिकअपवर. दोन्हींवर ई तारेचा पाचवा फ्रेट, मग तोच ए स्वर रिकाम्या ए तारेवर. बोट दोन्ही वेळी त्याच जागी हवं, म्हणजे शेवटच्या फ्रेटपासून सारख्याच सेंटीमीटरवर. बोट ब्रिजकडे (बॉडीवर तारा बांधतात त्या बाजूला) चार बोटं सरकलं तरी आवाज पिकअप बदलल्याइतका बदलतो. मग दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर आणून डोळे मिटून ऐका. एवढ्यावरच निम्मा फरक गळून पडेल.

मग नव्यावर फ्लॅटचा कोरा सेट चढवा. जुन्यावरच्या तारा काढून इकडे लावू नका. एकदा खुंटीला वाकलेली तार दुसऱ्या जागी वाकवली की पट्टी सैल होते, कधी तुटतेही. सेट ४५–१०० किंवा ४५–१०५ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या, म्हणजे नटच्या (नेकच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाचा घासाव्या लागणार नाहीत. ५२–११० वगैरे जाड सेट आत्ताच नको. फ्लॅट कापायच्या आधी कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवायची, मग कापायची. सरळ तार कापली तर पट्टी गाभ्यावरून सुटते आणि तार मेल्यासारखी वाजते. खुंटीच्या पुढे १०–१२ सेंटीमीटर सोडलं की दोन-अडीच वेढे बसतात. वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत, नाहीतर नटवरचा दाब कमी पडतो आणि रिकामी तार झणझणते.

फ्लॅटचा ताण बहुधा जास्त असतो. पाकिटावर ताण लिहिलेला असतो, तो आधीच्या सेटशी ताडून बघा. ताण वाढला की नेक पुढे वाकणार. पहिल्या फ्रेटला कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोजा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर हवी. मोटारसायकलच्या टॅपेटला लावतात तो फिलर गेज याला चालतो, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याच्या वर एका वेळी नाही. मग रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. त्यानंतर तारांची उंची, सतराव्या फ्रेटवर: ई २.४ ते २.८, जी २ ते २.४ मिलिमीटर. सगळ्यात शेवटी ब्रिजवर स्वर जुळवा. रिकाम्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरचा घंटेसारखा स्वर आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर एक आले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्यायचं.

पावसाळी_खानापूर

तारांना हात लावायच्या आधी अ‍ॅम्पवरचा हॉर्न बंद करा की ओ! फुकटचं काम आहे.

जुन्या बेस अ‍ॅम्पना हॉर्न नसायचाच. अ‍ॅम्पेगचा बी-१५ आला १९६० मध्ये, एक १५ इंची कागदी कोन, बस. चार-पाच हजार हर्ट्झच्या वर त्यातून काही निघतच नाही. तुमची ‘खरखर’ सगळी तिथून वर आहे आणि ती हॉर्नमधूनच यायलीय. मागे एक छोटा नॉब असेल, शून्यावर न्या. नसेल तर मिक्सरवर त्या चॅनेलला पाच हजारांच्या वरचं उतरवा. थेट मिक्सरला जात असाल तर साऊंडवाल्याला सांगा की बेसचा चॅनेल टॉपच्या हॉर्नमध्ये एवढा सोडू नको.

दुसरं. बेसचा नॉब वाढवून अ‍ॅम्प घुरघुरतो, कारण अ‍ॅक्टिव्ह प्रीअँपचा तो नॉब बहुतेक ४०–६० हर्ट्झच्या आसपास उचलतो. रिकाम्या ई चा मूळ स्वर ४१ हर्ट्झ. एका १५ इंची पेटीतून तो नीट येतच नाही, कोन नुसता आत-बाहेर नाचतो. कानाला जाडपणा कळतो तो ८२ आणि १२३ वरून, आणि त्याच्या वरच्या दोनशे-अडीचशेपर्यंतच्या भागातून. बेस नॉब मधल्या खाचेवर ठेवा, मिड उचला. फुगवायचं ते तिथे.

पण पखवाज आहे म्हणालात. डाव्या पुडीला कणीक लावून खर्ज खाली आणलेला असतो, त्याची धूम आणि तुमचा खालचा ए-बी एकाच घरात राहायला येतात. पखवाजवाल्याला ‘धा’ लावत ठेवा आणि तुम्ही रिकामी ए धरा. दोघंही बुडाले असं वाटलं तर ऐंशी-शंभरच्या आसपास तुम्ही दोन-तीन डीबी उतरवा आणि दोनशेच्या वर थोडं चढवा. गाण्यात बेस मोठा झाल्यासारखा वाटेल.

खर्ज_टिळकवाडी

हॉर्न शून्यावर, बेस नॉब मध्ये, मिड थोडा वर, एवढ्यानेच खरखर गेली. पोकळपणा कमी झाला, पण जुन्याची ती दाट गोलाई अजून नाही. फ्लॅटचा सेट मागवतो.

तोवर जुना उघडून बघितला. जॅकवर मल्टिमीटर लावला, व्हॉल्यूम पूर्ण: १०.४ के (किलोओम). पॉट (नॉबखालचे रोधक) दोन्ही २५० के. कंडेन्सरवर १०४ लिहिलंय. यावरून काही कळतं का? आणि एक, जुन्यावर डी आणि जी तारा ई-ए पेक्षा थोड्या मंद वाजतात. पिकअप जायला लागलाय काय?

डागकाम_शहापूर

दादा, पिकअप ठणठणीत आहे. जॅकवर मोजताना २५० के चा व्हॉल्यूम पॉट पिकअपला समांतर येतो, म्हणून आकडा थोडा कमी दिसतो. १०.४ दिसत असेल तर पिकअप खरा १०.८५ च्या आसपास. प्रिसिजन पिकअपला हे अगदी घरचं माप आहे. आणखी एक, तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याने बदलतो. मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा जुलैत मोजला तर दहा अंशांच्या फरकाला चार टक्के खाली येईल. ‘पिकअपचे ओम पडले’ म्हणून घाबरून येणारे पुष्कळ.

प्रिसिजनचे दोन भाग एकापुढे एक जोडलेले असतात. एका भागाची तार तुटली तर जॅकवर मीटर नुसत्या पॉटचे २५० के दाखवतो आणि आवाज पार बारीक, टेलिफोनवर आल्यासारखा येतो. एक भाग आतल्या आत शॉर्ट झाला तर आकडा निम्म्यावर, पाच के च्या आसपास येतो आणि दोन तारा गप्प होतात. तुमच्याकडे दोन्ही नाही. म्हणजे डी-जी चा भाग नुसता खाली बसलाय. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सोडून वर घ्या. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या पोटापासून पिकअपच्या मॅग्नेटच्या खांबापर्यंत ई ला साधारण ३ आणि जी ला २.५ मिलिमीटर. खालचा स्पंज मेला असेल तर स्क्रू सोडूनही पिकअप वर येत नाही. तिथे नवा स्पंज घाला. याहून जवळ नेऊ नका. मॅग्नेट तारेला ओढतं, स्वर डळमळतो आणि वरच्या फ्रेटवर एका स्वराचे दोन झाल्यासारखे वाटतात.

मॅग्नेट कमजोर होऊन गोड होतं, ही अर्धीमुर्धी गोष्ट. अ‍ॅल्निको पाच (पिकअपच्या मॅग्नेटचा मिश्रधातू) नुसतं पडून राहिलं तर पन्नास वर्षांतही फारसं उतरत नाही. मोठ्या स्पीकरच्या मॅग्नेटला चिकटवून ठेवलं किंवा तापवलं तर उतरतं. जुन्या पिकअपमध्ये फरक पडतो तो गुंडाळीने. तार हाताने सोडायचे, वेढे कमी-जास्त व्हायचे, म्हणून एकाच वर्षाच्या दोन बेसमध्येही फरक.

आता तुमच्या नव्याचा पोकळपणा. पॅसिव्ह बेसमध्ये पिकअपची गुंडाळी, पॉट आणि केबल मिळून एक फिल्टर तयार होतो. केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतात, सहा मीटरला ६००. या जोडीमुळे दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी एक छोटा उंचवटा येतो आणि त्याच्या पुढचं सगळं घसरतं. त्या घसरणीचंच नाव ‘गोलाई’. अ‍ॅक्टिव्हमध्ये पिकअपच्या लगेच पुढे प्रीअँप बसतो. मग केबल तीन मीटर असो की दहा, वरचं काही घसरत नाही, सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. स्टुडिओत ते हवंच असतं. तुमच्या कामाला नकोय.

१०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. पन्नासच्या दशकात प्रिसिजनमध्ये हाच असायचा, पुढे ०.०५, आता बहुतेक ठिकाणी ०.०४७, म्हणजे अंगावर ४७३. पण लक्षात घ्या, टोन नॉब पूर्ण उघडा असेल तर ४७३ आणि १०४ मध्ये जवळजवळ काही फरक नाही. फरक पडतो तो नॉब खाली आणल्यावर. कागद-तेलाचा, केशरी, जुन्या रेडिओतला, हे सगळं बाजूला ठेवा. त्याच मापाचा साधा पॉलिस्टर घ्या, पाच-दहा रुपयांत येतो. जास्त पैसे मागितले तर तो नावाचा भाव.

तुमच्या नव्यात पॅसिव्ह बटण दाबल्यावर टोन चालतो का ते बघा. पुष्कळ बेसमध्ये पॅसिव्ह म्हणजे नुसता व्हॉल्यूम उरतो. तसं असेल तर प्रीअँपच्या अलीकडे एक पॅसिव्ह टोन घालायचा. बॅटरी आधी काढा. ब्लेंड-व्हॉल्यूमकडून प्रीअँपला जाणारी गरम तार शोधा. तिच्यावरून एक तार २५० के ऑडिओ पॉटच्या कडेच्या पायाला, मधल्या पायापासून १०४ कंडेन्सर, कंडेन्सरचं दुसरं टोक जमिनीला. लगेच डाग देत बसू नका. आधी क्रोकोडाईल क्लिप लावून अर्धा तास वाजवून ऐका. पटलं तर मग भोक. बॉडीला नवीन भोक पाडायचं नसेल तर ब्लेंडच्या जागी एकावर एक बसणारा दुहेरी पॉट घाला.

डाग देताना पॉटच्या पाठीला २५ वॉटची सोल्डरिंग पुरत नाही. लोक मग दहा-दहा सेकंद दाबून धरतात आणि आतली कार्बनची पट्टी जाळतात. ४० ते ६० वॉट, पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडायची, तीन-चार सेकंदांत काम संपलं पाहिजे. डाग चकचकीत हवा. दाणेदार राखाडी दिसला तर तो थंड डाग, कार्यक्रमात नेमका तोच सुटतो.

एक खबरदारी: पिकअप स्वतःच अ‍ॅक्टिव्ह असतील, म्हणजे पॉट २५ के चे दिसत असतील, तर हे करू नका. तिथे २५० के आणि १०४ चं गणित लागत नाही. मग प्रीअँपचा ट्रेबल एक-तृतीयांशावर आणा, त्यात समाधान माना.

अनगोळ_जॅझ

डागकाम यांनी इलेक्ट्रिकचं चांगलं सांगितलं. पण पिकअपच्या जागेचं कुणी बोलेना. माझ्या मते तारांनंतर दुसरा नंबर जागेचा, इलेक्ट्रिकचा तिसरा.

प्रिसिजन आला १९५१ मध्ये, तेव्हा एकच सरळ पिकअप. दुभागलेला आला १९५७ मध्ये, आणि तेव्हापासून त्याची जागा जवळपास तीच. फेंडरचाच जॅझ बेस १९६० चा, दोन पिकअप. सत्तरच्या दशकात जॅझचा ब्रिजकडचा पिकअप साधारण १० मिलिमीटर ब्रिजकडे सरकवला. तेवढ्याने तो आवाज नाकातला, घट्ट झाला. ‘साठचा जॅझ गोड, सत्तरचा कडक’ म्हणतात त्यात लाकडापेक्षा हे दहा मिलिमीटर जास्त. नवीन सोपबारवाले बहुतेक ब्रिजकडे आणखी सरकलेले. एक पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटपासून नेकच्या पिकअपच्या मध्यापर्यंत मोजा, दोन्ही बेसवर. नव्याचा पिकअप ब्रिजकडे असेल तर तारेचा वेगळा भाग ऐकू येतो, तिथे मूळ स्वर कमी असतो, आणि कुठल्याही इक्यूने तो पूर्ण भरून निघत नाही.

ब्लेंड मध्ये ठेवलात तर दोन पिकअप दोन जागांवरून तेच ऐकतात आणि मधले काही स्वर एकमेकांना कापतात. मध्ये खड्डा पडतो. स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवायला) बरा, भावगीताला नाही. तुमचा पोकळपणा अर्धा इथला असणार. नेककडे पूर्ण किंवा दुसरा एक चतुर्थांश, बस.

आणि लाकडाचं: निपाणीकर, तुम्ही ते अगदीच मोडीत काढताय, ते पटत नाही. नेक जितका मऊ तितकी तारेची ताकद तो खातो. नवीन नेकमध्ये ग्रॅफाईटच्या कांड्या घालतात, ब्रिज जड असतो, सगळे स्वर सारखे आणि लांब टिकतात. जुन्यात ते नाही, म्हणून स्वर लवकर मिटतो. ठेक्याच्या गाण्यात ते उलट चांगलं, पुढच्या मात्रेला जागा मोकळी राहते.

निपाणीकर

मोडीत काढत नाही, क्रमात शेवटी ठेवतोय. नेकचा कडकपणा ऐकू येतो हे मान्यच. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लगेच मरतो, तो मेलेला फ्रेट म्हणजे नेकच त्या स्वरावर थरथरून ताकद पितो. तपासायचं असेल तर हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) कापड गुंडाळून छोटा सी-क्लॅम्प आवळा. वजन वाढलं की मेलेली जागा एखाद-दुसऱ्या फ्रेटने सरकते. सरकली म्हणजे दोष तारेचा नव्हे, नेकचा. पण हे दोन-तीन स्वरांपुरतं. सगळ्या बेसची ‘गोलाई’ याने येत नाही.

स्वर लवकर मिटवायचा तर स्पंज. साठच्या बेसना ब्रिजवर स्टीलचं झाकण असायचं आणि त्याखाली तारांना टेकणारा स्पंजाचा तुकडा. झाकण लोकांनी काढून फेकलं, स्पंज त्याच्याबरोबर गेला, आणि मग ‘तसा आवाज येत नाही’ म्हणून पिकअप बदलत बसले. सोफ्याच्या दुकानातून कापलेला स्पंज आणा, ७ सेंटीमीटर लांब, २ रुंद, जाडी तारांच्या खालच्या मोकळ्या जागेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त. ब्रिजच्या अगदी पुढे तारांखाली सरकवा. तारांना टेकायला हवा, दाबायला नको. जास्त दाबला तर स्वर चढतो आणि आवाज नुसता ठक्-ठक् होतो. भांडी घासायचा हिरवा खरखरीत भाग असलेला नको, तारेवर चरे पाडतो. दाट रबरही नको.

राऊंडवाऊंड ठेवून स्पंज लावलात तरी नवा बेस जुन्याच्या बराच जवळ येतो, आणि लांब टणकार हवा तेव्हा काढून खिशात. फ्लॅटच्या सेटला बरेच पैसे जातात, तेव्हा ते यायच्या आधी हा प्रयोग करून घ्या.

खर्ज_टिळकवाडी

मोजलं. बाराव्या फ्रेटपासून नव्याचा नेक पिकअप जुन्यापेक्षा जवळजवळ अडीच सेंटीमीटर ब्रिजकडे आहे. पॉट २५० के, म्हणजे टोन घालता येईल. नटच्या खाचा ४५–१०५ ला पुरतील का अशी शंका आहे, ई ची खाच घट्ट वाटते. मिरजेला सतारमेकरकडे नेलं तर चालेल का?

डागकाम_शहापूर

अडीच सेंटीमीटर म्हणजे पुष्कळच. मग वाजवायची जागा तेवढीच नेककडे घ्या, अंगठा पिकअपवर न टेकवता नेकच्या शेवटाला. तेवढ्याने निम्मं भरून निघतं. मग क्लिप लावून टोन तिसऱ्या-चौथ्या भागावर ठेवून ऐका.

मिरजेचं: हाडाच्या-शिंगाच्या कामात त्यांचा हात धरणारा नाही, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. नवा हाडाचा नट करून खाचा पाडायला खुशाल न्या, तारांचा सेट सोबत द्या आणि खाच तारेपेक्षा केसभर मोठी ठेवायला सांगा. पण फ्रेट घासणं आणि ट्रस रॉड त्यांना सांगू नका. सतारीचे पडदे बांधलेले आणि हलणारे, हे फ्रेट लाकडात ठोकलेले. काम वेगळं.

जुन्याच्या ट्रस रॉडला हात लावायची वेळ आली तर आधी रॉड फिरवायचा नट कुठे आहे ते बघा. प्रिसिजन घाटाच्या पुष्कळ जुन्या बेसमध्ये तो बॉडीच्या बाजूला, नेकच्या बुडाशी असतो. तारा सैल करून नेकचे चार स्क्रू सोडल्याशिवाय नीट पोचता येत नाही. खाच बोथट असेल तर जबरदस्ती नको, रुंद पात्याचाच पेचकस.

पावसाळी_खानापूर

ट्रस रॉडवरून आठवलं. आत्ता केलेली सेटिंग पावसाळ्यात टिकणार नाही, हे धरून चाला. जून लागला की आमच्या खानापूर बाजूला हवा ओली होते, लाकूड फुगतं, नेक हलतो. फेब्रुवारी-मार्चला उलटं: बोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. जुना बेस इथेच बऱ्याच पावसांत मुरलेला असेल तर कमी हलतो. नवा दुकानातून आलेला पहिल्या वर्षी जास्त. वर्षातून दोनदा, मृग लागल्यावर आणि दिवाळीनंतर, फट मोजायची. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याला तव्यावर गरम करून वाळवा. ओल्या हवेत राऊंडवाऊंड महिनाभरात गंजायला लागतात, फ्लॅट जास्त टिकतात, पण त्यांनाही वाजवून झाल्यावर सुक्या कापडाने पुसावंच लागतं. पॉट खरखरले तर कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवा. स्वयंपाकघरातलं तेल अजिबात नको.

मंडपात जनरेटरवर वाजवताना एक बघा. प्रिसिजनचे दोन भाग एकमेकांचा गूं कापतात, म्हणून जुना शांत. तुमचे सोपबार एकेरी गुंडाळीचे असतील तर एकटा नेक लावला की लाइटच्या डिमरजवळ गूं येणार. जागा बदला, अ‍ॅम्पपासून दोन पावलं लांब आणि अंग थोडं वळवून उभे राहा, कमी होतो. तारांना हात लावल्यावर गूं कमी झाला तर ते ठीक. पण माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर ते पिकअपचं नव्हे, अर्थिंगचं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक काडी बेसच्या ब्रिजला, दुसरी माइकच्या जाळीला. काही व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग नीट होईपर्यंत बेस गळ्यात घालू नका.

अनगोळ_जॅझ

अर्थिंगचं बरं झालं सांगितलं. बॅटरीचंही जोडतो: जॅक खोचलेला राहिला की प्रीअँप चालूच राहतो, बॅटरी विनाकारण उतरत राहते. नऊची सातच्या आसपास आली की जोरात वाजवलेला स्वर फाटायला लागतो, आणि लोक म्हणतात अ‍ॅक्टिव्हचा आवाज कोरडा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मीटर लावून बघा. साडेआठच्या खाली असेल तर नवी घाला आणि जुनी ट्यूनरला वापरा.